टोपली रिकामी गेली नाही

ज्याने माझ्या भावाचा पाय मोडला त्याचं नाव मला पाठ आहे, पण मी ते घेत नाही. तोंड विटाळायचं कशाला? त्याच्या पाठीवर चार नंबर होता. आमच्या घरात त्याला तेवढंच नाव मिळालं, आणि तेही त्याच्या लायकीपेक्षा जास्तच.

लखनौत आम्ही आलो अण्णांच्या नोकरीमुळे. अण्णा, म्हणजे माझे वडील, हवाई दलात होते. मूळचे कोल्हापूरचे. बदल्या करत करत शेवटची बदली इथे झाली आणि निवृत्तीनंतर गावी जाऊ, जाऊ म्हणता राहून गेलं. मी बँकेत चिकटले आणि धाकटा भाऊ फुटबॉलला. कोल्हापुरातल्या पेठेत वाढलेल्या, तालमीच्या संघातून खेळलेल्या माणसाच्या पोटी दुसरं काय येणार? लखनौची सगळी पोरं क्रिकेटच्या मागे, आणि आमचं हे ध्यान भर उन्हात बॉलला लाथा मारत हिंडतंय. आई म्हणायची, "बापाचं रक्त, दुसरं काय."

पण ध्यान खेळायचं मात्र सुरेख, बहीण म्हणून नाही सांगत. उजव्या बाजूने बॉल घेऊन निघाला की कडेला चहा पिणारे लोक कप खाली ठेवायचे. एका सरकारी कंपनीने त्याला खेळण्यासाठीच ठेवून घेतलं होतं. सकाळी ऑफिसात तोंड दाखवायचं आणि नंतर मैदान. पगार खेळण्याचा, करार वर्षावर्षाचा. दोन-तीन हंगाम चांगले गेले की कायम करतात, असं सगळे सांगायचे. त्याला मराठी सगळं समजायचं पण बोलायचा हिंदीत. आई मराठीत ओरडायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा, असं आमचं घर.

अमेरिकेत वर्ल्ड कप झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मागून पाय घालणाऱ्याला सरळ मैदानाबाहेर काढायचं, असं टीव्हीवर सारखं सांगायचे तेव्हा. टीव्हीवर! आमच्या लीगमध्ये चार नंबरसारखी माणसं मिरवत होती. हा दुसऱ्या एका खात्याच्या संघातला बॅक, म्हणजे बचावाला उभा राहणारा, चांगला धिप्पाड. रेफरीची पाठ वळली की कोपर बरगडीत, बुटाचे खिळे घोट्यावर, आणि वर उचलायला हात पुढे करून "सॉरी भाई" म्हणायचं. त्याचा कोच बाहेरून ओरडायचा, "छोड़ना मत!" आणि लोक टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्या आठवल्या की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

त्या दिवशी त्याच संघाशी मॅच होती, मी आणि अण्णा बाकावर बसलो होतो. भाऊ चार नंबरला चकवून निघून गेला, मग पुन्हा गेला. लोक हसायला लागले. चार नंबरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पुढच्या वेळी भावाने बॉल पुढे देऊनसुद्धा टाकला होता. बॉल तिकडे गेलेला, सगळ्यांचे डोळे तिकडे, आणि हा मागून आला आणि दोन्ही पाय एकदम घातले. आवाज आमच्या बाकापर्यंत आला. अण्णा उभे राहिले ते तसेच उभे. रेफरी धावत आला आणि त्याने पिवळं कार्ड दाखवलं. पिवळं! शर्ट नीट खोचला नाही म्हणून दाखवावं तसं. भाऊ गवतावर आडवा, पाय भलत्याच दिशेला, आणि चार नंबर कमरेवर हात ठेवून पाणी पितोय.

नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. ऑपरेशन करून आत सळी घातली. डॉक्टर म्हणाले, "चलेगा तो बिल्कुल. दौड़ने की बात बाद में करेंगे." मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी हातातल्या कागदांत मान घातली. तेव्हाच मला कळायला हवं होतं ते कळलं.

घरी आणल्यावर भावाने पहिल्यांदा विचारलं ते चार नंबरचं. भावाच्या कोचने तक्रार दिली होती आणि लीगची शिस्त समिती दोघांनाही बोलावणार होती. काय शिक्षा व्हावी, यावर आमच्या घरात रोज बैठक. मला विचाराल तर मला त्याचे दोन्ही पाय हवे होते, खोटं कशाला बोलू? तसं मी बोलूनही दाखवलं. भाऊ म्हणाला, "तो फिर ताई, तुझमें और उसमें फर्क क्या रहा?"

मग अण्णांनी त्यांच्या तालमीतली रीत सांगितली. अण्णा एरवी शुद्ध बोलायचे, पण कोल्हापूर आठवलं की जीभ घसरायची. "आमच्यात ज्यानं पाय मोडला, त्यानं तो गडी उभा राहीस्तोवर बूट घालायचे न्हाईत. पर घरी बी बसायचं न्हाई. दर मॅचला यायचं, रेषेभाईर बसायचं, समद्यांनी बघायचं. वस्ताद म्हणायचा, पाय त्याचा मोडला, खेळ दोघांचा थांबला. झालं."

भाऊ कोपरांवर रेटा देऊन उठून बसला. मग म्हणाला, "बस, यही चाहिए. ना ज़्यादा, ना कम. जब तक मैं बाहर, वो भी बाहर." त्यानंतर त्याने दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. दुखायचं खूप, रात्रंदिवस दुखायचं, पण विचारायचा ते एकच, समितीची तारीख आली का.

आईने आपल्या परीने हाड जुळवायला घेतलं. जून महिना, लखनौचा उन्हाळा, दुपारभर लाईट गेलेली, आणि ही बाई स्वयंपाकघरात घामाघूम होऊन खारीक कुटतेय. चौकातून डिंक आणला, तुपात फुलवला, डिंकाचे लाडू वळले. अण्णा म्हणाले, "अगं, या दिवसात डिंक? पोटात आग होईल त्याच्या."

"होऊ दे आग. हाड तरी जुळेल," आई म्हणाली. सकाळी एक, संध्याकाळी एक, असे ती त्याला समोर बसून खायला घालायची.

आता आमच्या आईची एक रीत सांगते. आमच्या घरातून कुणाचंही भांडं रिकामं परत गेलेलं मी पाहिलेलं नाही. शेजारणीची वाटी आली की तिच्यात काहीतरी घालूनच परत जायची. काही नसलं तर चिमूटभर साखर. हात आपसूक डब्याकडे जायचा, त्यात विचारबिचार काही नसायचा.

एके दिवशी मी बँकेतून आले तर दारातच दशहरी आंब्यांचा वास. अख्खं घर घमघमत होतं. बादलीत पाणी घालून आंबे भिजत ठेवलेले, वर हिरवी पानं तरंगताहेत.

"कुणी आणले?"

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो आला होता."

"तो कोण?"

"तोच गं. चार नंबर. त्याचा मामा आणि त्यांचे मॅनेजर होते बरोबर. मामाची मलिहाबादला बाग आहे म्हणे. झालं त्याचं वाईट वाटतंय म्हणाला. माझ्या पाया पडला."

"आणि तू पडू दिलंस?"

"पाया पडणाऱ्याला काय लाथ मारू? घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायचं नाही का? अण्णा नव्हते, हा औषधाने झोपलेला. बसले, सरबत प्यायले, गेले."

मी बादलीकडे बघत होते. "टोपली कुठाय?"

"टोपली बागेची आहे म्हणाले, घेऊन जातो. मग मी रिकामी करून दिली."

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "आई, टोपलीत काय घातलंस?"

आईने पदराने हात पुसले. "लाडू. चार-सहा होते वर, तेच कागदात बांधून दिले. रिकामी टोपली कशी देणार?"

मी कपाळावर हात मारून घेतला. भावाच्या हाडासाठी केलेले लाडू! तेवढ्यात वरच्या मजल्यावरची आंटी आली. लखनौचीच, सात पिढ्यांपासूनची. तिने सगळं ऐकलं आणि तोंडावर हात ठेवला. "हाय राम. आम रख लिए, ऊपर से लड्डू भी दे दिए? अब तो सुलह हो गई, भाभी जी. हमारे यहाँ मुँह मीठा कर दिया तो बात ख़त्म मानी जाती है. वो लोग इसीलिए तो आए थे."

आईला ते कळायलाच वेळ लागला. इतकी वर्षं इथे राहून तिने हिंदी शिकून घेतली होती, पण या गोष्टी कुणी शिकवत नाही. कळलं तेव्हा ती मोरीजवळच्या पाटावर बसली आणि उठलीच नाही. मी बादली उचलली आणि सगळे आंबे नाल्याकाठच्या गाईपुढे ओतून आले. एकही कुणी खाल्ला नव्हता. पण हे समितीला कोण सांगणार, गाय?

समिती बसली ती मैदानाच्या गॅलरीखालच्या एका खोलीत. कूलर घरघरत होता, टेबलामागे चार-पाच वयस्कर माणसं, सगळी कशी अदबीची. "तशरीफ़ रखिए," असं म्हणून भावाच्या कुबड्यासुद्धा स्वतः भिंतीला टेकवून ठेवल्या. मी आणि अण्णा मागे बसलो. समोर चार नंबर, मान खाली, हात बांधून, अगदी गरीब गाय. भावाने आपलं म्हणणं सांगितलं. बॉल कुठे होता, पाय कुठून आला, आणि शेवटी तेच, जब तक मैं बाहर, वो भी बाहर. मला वाटलं, एक-दोघांनी मान हलवली.

मग त्यांचा मॅनेजर उठला. पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि टेबलावर उघडली. आमचं वर्तमानपत्र. आतमध्ये आमचे लाडू.

"हुज़ूर, दोनों घरों में बात हो चुकी है. इनकी माताजी ने हमारे आम क़बूल किए, और अपने हाथ के लड्डू हमारे लड़के के लिए भेजे. अब इससे बड़ी माफ़ी क्या होगी?"

अध्यक्षांनी एका लाडवाचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. "भई वाह," म्हणाले, "गोंद के हैं." पुडी टेबलावर फिरली. सगळ्यांनी थोडा थोडा घेतला. माझा भाऊ समोर बसून बघत होता.

अण्णांनी आयुष्यभर साहेबांसमोर 'सर' म्हटलेलं. त्या दिवशी ते उभे राहिले. "टाँग लड़के की टूटी है. लड़के से किसी ने पूछा?"

अध्यक्ष अगदी गोड हसले. "माँ का दिल बड़ा होता है, जनाब. उसी की लाज रखिए."

चार नंबरला ताकीद मिळाली. आगे से ख़याल रखिए, एवढी. पुढच्याच मॅचला तो मैदानावर होता.

घरी आलो तर आई दारात उभी. "काय झालं रे?"

भाऊ कुबड्या टेकत आत गेला. जाता जाता म्हणाला, "कुछ नहीं हुआ, आई. लड्डू अच्छे थे, बोले."

त्याने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो रागावलाच नाही. आईने डब्यातले उरलेले लाडू त्याच्यापुढे ठेवले तर खाल्लेही मुकाट्याने. मीच आईवर भडकायचे, भांडी आपटायचे, आणि तोच मला गप्प करायचा. "जाने दे न, यार." आई मात्र त्या दिवसापासून कमी बोलायला लागली. मी तिला मनातून माफ केलं नव्हतं, हेही खरंच. तिची चूक नव्हती हे कळत होतं, तरी नव्हतं केलं.

हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला. उजव्या बुटाला चांभाराकडून जाड टाच लावून घेतली. कंपनीने करार पुढे चालवला नाही. खेळायला ठेवलेला माणूस खेळत नाही म्हटल्यावर ते तरी काय करणार, असं सगळे समजूतदारपणे म्हणाले. समजूतदार माणसांचा मला तेव्हापासून वीट आलाय. ओळखीने चारबाग स्टेशनजवळ एका कुरियरच्या दुकानात त्याला काउंटरवर बसायचं काम मिळालं. दिवसभर स्टुलावर बसून पाकिटांवर शिक्के मारायचे. मैदानावर तो पुन्हा गेला नाही. चार नंबरने तो अख्खा हंगाम खेळून काढला.

पुढच्या उन्हाळ्यात जेवताना भाऊ सहज सांगावं तसा म्हणाला, "उसने फिर एक को तोड़ दिया. विकास नगर का लड़का है. घुटना गया." आणि वरणात भात कालवत राहिला. आईचा हात ताटातच थांबला. ती उठली, तिने हात धुतला, आणि तिला जेवण टाकून उठलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

सकाळी मी बँकेत जायला निघाले तर ती चपला घालून दारात. "आज रजा टाक. विकास नगरला जायचंय."

पत्ता शोधायला फार त्रास पडला नाही. मोडलेल्या पायाचं घर सेक्टरमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मुलाची आई शाळेत शिकवणारी, रडून रडून डोळे सुजलेले. तिने आम्हाला आत घेतलं. आई उंबऱ्यातच थांबली, कारण समोरच्या टेबलावर टोपली होती. तशीच, हिरव्या पानांनी झाकलेली.

"ये खाया क्या?" आईने विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"जी? नहीं, अभी तो सुबह ही दे गए हैं..."

"मत खाओ. और टोकरी में कुछ मत डालो." मग तिथेच उभी राहून आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत तिने सगळं सांगितलं. पाया पडणं, सरबत, लाडू, कागदाची पुडी, सगळं. त्या बाईने मध्येच आईचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. आम्ही निघायच्या आधी तिच्या नवऱ्याने टोपली पानंसुद्धा न हलवता स्कूटरला बांधली आणि परत द्यायला निघाला.

समिती पुन्हा बसली त्या दिवशी त्या बाईने आम्हालाही बोलावून घेतलं, आणि आईने ठेवणीतली साडी नेसली. तीच खोली, तोच कूलर, तीच अदब. मॅनेजरपाशी या वेळी पुडी नव्हती, तरी त्याने लाडू काढलेच. "हुज़ूर, लड़के पर आज तक एक भी सज़ा नहीं है. पिछले मामले में तो उस घर ने ख़ुद माफ़ करके लड्डू भेजे थे, आप सबने चखे थे. इसे पहली ग़लती समझा जाए."

आई उठली. मी पदर ओढला तर तिने माझा हात झटकला.

"वो लड्डू माफ़ी का नहीं था," ती म्हणाली. "हमारे में बर्तन ख़ाली नहीं देते, इसलिए दिया. वो मेरे लड़के का हड्डी के लिए बनाया था. तुम लोगों ने खाया."

अध्यक्ष समोरच्या कपाकडे बघत राहिले. चार नंबरने मान वर करून आईकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. थोड्या वेळाने आम्हाला बाहेर बसायला सांगितलं आणि मग आत बोलावून निकाल दिला. चार नंबर पूर्ण हंगाम बाहेर. विकास नगरच्या त्या आईने माझ्या आईला मिठी मारली. मी तर तिथेच नाचायची बाकी होते. रिक्षात आई ताठ बसली होती. त्या दिवशी मी तिला माफ केलं, माफ करणारी मी कोण टिकोजीराव लागून गेले होते कुणास ठाऊक.

संध्याकाळी भाऊ चारबागहून आला. खाटेवर बसून बुटाची नाडी सोडत होता. आई स्वयंपाकघरातून लगबगीने बाहेर आली, वर्षभरात इतकी लगबग केली नव्हती तिने.

"बाळा, काढला त्याला. पूर्ण सीझन बाहेर. मी बोलले तिथे, ताईला विचार."

भावाचा हात नाडीवरच राहिला. त्याने मान वर केली. त्या एका क्षणात त्याचा चेहरा मैदानावर असायचा तसा झाला होता.

"किसके पैर के लिए, आई?"

आई माझ्याकडे बघायला लागली.

"त्या... विकास नगरच्या मुलाच्या," ती म्हणाली.

"अच्छा," भाऊ म्हणाला. जाड टाचेचा बूट काढून त्याने खाटेखाली सरकवला आणि हात-पाय धुवायला गेला.